मसाल्याला दोष, रोगाला मोकळीक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आपण मराठी माणसंही दातातल्या फिलिंगला ‘मसाला’ म्हणतो. या मसाल्याबद्दल एक मत इथल्या घराघरांत पक्कं बसलेलं आहे. दौलतगंजात विचारा नाही तर जिवाजीगंजात, उत्तर तेच मिळेल. भरलेल्या दाताला पुन्हा कीड लागली तर दोष मसाल्याचा, नाही तर तो भरणाऱ्याचा. माल हलका वापरला असणार, किंवा आत कीड ठेवून वरून बुजवलं असणार, किंवा कडेला फट राहिली असणार. उपायही ठरलेला: जुना मसाला काढायचा, नवा भरायचा, शक्यतो महागातला आणि पांढरा. तोही गेला की रूट कॅनाल करून कॅप.

हे मत चुकीचं आहे. पण ते दोन्हीकडे सोयीचं आहे, म्हणून टिकलं आहे. रुग्णाला कुठलीही सवय बदलावी लागत नाही आणि डॉक्टरला काम मिळत राहतं. या सोयीपायी चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांच्या दाढा चाळिशीत काढाव्या लागताना मी पाहते. मी याच शहरात दातांची डॉक्टर आहे, आणि माझ्या व्यवसायातले पुष्कळ जण हे मत खोडण्याऐवजी त्याला खतपाणी घालतात. म्हणून माझा वाद त्यांच्याशीही आहे.

आधी रोग कसा होतो ते बघू. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्येच लिहून ठेवलं की तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९४० मध्ये रॉबर्ट स्टीफनने हे जिवंत माणसाच्या तोंडात मोजून दाखवलं. साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत दातांवरच्या चिकट थराचा सामू घसरतो, साडेपाचाच्याही खाली जातो, आणि लाळेला तो पूर्वपदावर आणायला अर्धा ते एक तास लागतो. साडेपाचाच्या आसपास वरचं इनॅमल विरघळू लागतं. आतलं डेंटिन आणि हिरडीखालून उघडं पडलेलं मूळ तर त्याच्याही आधी, सामू सहाच्या वर असतानाच विरघळायला लागतं.

या सगळ्यात मसाल्याचं काम काय? तो जंतू मारत नाही, खाण्यातली साखर कमी करत नाही, लाळ वाढवत नाही. तो भोक बुजवतो, चावता येईल असा दात परत देतो आणि ब्रश फिरवण्याजोगा पृष्ठभाग देतो. तेवढंच त्याचं काम. चांदीचा मसाला किडत नाही, पांढरं कंपोझिटही किडत नाही. किडतो तो शेजारचा दात, आणि पहिल्यांदा ज्या कारणाने किडला त्याच कारणाने किडतो. फिलिंगच्या कडेची कीड हा नवा आजार नव्हे. जुनाच आजार चालू राहिलेला असतो. आपण फक्त त्याने केलेलं एक भोक बुजवलेलं असतं.

आता फटीचा आरोप घेऊ, कारण तोच सर्वांत पटण्यासारखा वाटतो. वीस वर्षांपूर्वीची चांदी भरलेली खालची दाढ भिंगातून पाहिली तर चांदीच्या कडेने एक बारीक चर दिसतो. चावून चावून चांदीचा पातळ काठ तुटलेला असतो आणि चरात चहाचे, पानाचे डाग बसलेले असतात. त्या चरात टोकदार सळई फिरवली तर ती अडकते. ‘बघा, अडकली, म्हणजे आत पोकळ आहे,’ असं रुग्णाला सांगितलं जातं. पण सळई अडकते ती चराच्या आकारामुळे. अशी चांदी प्रत्यक्ष काढून पाहिली की पुष्कळदा खाली काळसर झालेलं, पण दगडासारखं टणक डेंटिन मिळतं. तो काळेपणा चांदीच्या गंजाचा असतो. त्यावर हत्यार घासलं की कर्र आवाज येतो. किडलेलं डेंटिन असं वाजत नाही. ते मऊ, ओलसर असतं आणि चमच्यासारख्या हत्याराने त्याचे पापुद्रे निघतात.

हे केवळ माझ्या खुर्चीवरचं निरीक्षण नाही. लंडनच्या एडविना किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चांदीच्या फिलिंगच्या कडांखालचे नमुने घेऊन जंतू तपासले. बारीक चर आणि डागाळलेली कड यांवरून आत कीड आहे की नाही, ते सांगता आलं नाही. चर ०.४ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तेव्हा मात्र खाली जास्त जंतू सापडले. म्हणजे मोठी, उघडी फट हा खरा दोष आहे. केसासारखी रेघ आणि तपकिरी डाग यांना कीड म्हणता येत नाही. आपल्याकडे रोज फटीच्या नावाने जी फिलिंग उकरली जातात, त्यांतली किती खरोखर अशा रुंद फटीची असतात, हे प्रत्येक डॉक्टरने स्वतःशी खरेपणाने मोजावं.

दुसरी गोष्ट कीड लागण्याच्या जागेची. फट हेच मूळ कारण असतं तर कीड चावण्याच्या पृष्ठभागावर जास्त सापडायला हवी होती, कारण काठ तिथेच सर्वांत जास्त तुटतात. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा दोन दातांच्या मध्ये, हिरडीलगतच्या कडेला सापडते. नॉर्वेजियन संशोधक इव्हार म्योर यांनी आयुष्यभर हेच दाखवून दिलं. यावर कुणी म्हणेल, त्या जागी डॉक्टरचा हातही नीट पोचत नाही, तिथे काम बिघडतंच. ते खरं आहे आणि त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण ज्या दातात कधीच मसाला भरला नाही, त्यातही दोन दातांमधली कीड नेमकी याच पट्ट्यात सुरू होते, कारण जेवणाचा आणि जंतूंचा थर तिथे साचतो आणि ब्रश तिथे जात नाही. डॉक्टरचा हात न लागलेल्या आणि लागलेल्या अशा दोन्ही दातांत रोग एकच जागा निवडतो, तेव्हा कारण त्या जागेतच शोधायला हवं.

‘आत कीड ठेवून बुजवलं’ हा आरोप तर उलटाच फिरतो. अमेरिकेत जॉर्जियामध्ये मेर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी उघड भोक पडलेल्या दातांमधली कीड मुद्दाम आतच ठेवली, कडेचं निरोगी इनॅमल साफ करून वरून कंपोझिट आणि सीलंटने घट्ट बंद केलं, आणि दहा वर्षं ते दात पाहिले. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: आतली कीड पुढे सरकली नाही. वरून अन्न मिळेना म्हणून जंतू उपाशी राहिले. यावर पुढे इतकं काम झालं की २०१६ मध्ये दातांच्या किडीच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकमताने सांगितलं, खोल किडीत मज्जातंतूजवळचा मऊ थर थोडा ठेवावा, पण कडा मात्र पूर्ण स्वच्छ कराव्यात. म्हणजे आपल्या लोकांना ज्या गोष्टीची भीती वाटते ती योग्य जागी, योग्य रीतीने केली तर उपचारच आहे. उलट, ‘एक कणही काळा ठेवणार नाही’ म्हणून तळाशी खणत जाणारा डॉक्टर दाताची नस उघडी पाडतो आणि रुग्णाला रूट कॅनालच्या दारात नेऊन सोडतो. आणि रुग्ण त्यालाच मन लावून काम करणारा डॉक्टर समजतो.

राहिला माल. इथे विरोधकाची बाजू भक्कम आहे, म्हणून ती पूर्ण मांडते. लिस्बनच्या कासा पिया संस्थेतल्या मुलांवर झालेल्या चाचणीत काहींच्या दाढांत चांदी भरली, काहींच्या कंपोझिट. सात वर्षांनी पाहिलं तेव्हा कंपोझिटच्या कडेला पुन्हा कीड लागण्याचा धोका चांदीच्या साडेतीन पट निघाला. कारणंही माहीत आहेत. कंपोझिट दिव्याखाली घट्ट होताना आकसतं आणि चिकटलेल्या कडेवर ताण येतो. लाळेतली आणि जंतूंची रसायनं तो सांधा हळूहळू कुरतडतात. चांदीच्या कडेत गंज साचून फट आपोआप बुजते आणि तिच्यातून झिरपणारे धातूचे कण जंतूंना फारसे मानवत नाहीत. तेव्हा मालाने फरक पडतो, हे मला मान्यच आहे.

पण आपण या माहितीचं काय केलं? बरोबर उलटं. घरोघरी चांदी हा ‘हलका माल’ ठरला आणि तिच्या जागी पांढरं भरून घेणं म्हणजे सुधारणा ठरली. काहीही बिघाड नसलेली चांदी फक्त काळी दिसते म्हणून काढली जाते आणि तिच्या जागी कडेला कीड लागण्याचा धोका जास्त असलेलं साहित्य बसतं. युरोपीय संघाने २०२५ पासून चांदीचं फिलिंग बंद केलं, ते त्यातल्या पाऱ्याने पाणी आणि माती बिघडते म्हणून. ते टिकत नाही, असं तिथे कुणी म्हटलेलं नाही. चांदी हळूहळू जाणार हे खरं, आणि ती जायलाही हवी. पण तोंडात असलेली, टणक दातावर बसलेली चांदी उकरून काढण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

शिवाय त्याच लिस्बनच्या चाचणीत सात वर्षांनंतर शंभरातली सुमारे ८५ कंपोझिट फिलिंग शाबूत होती. टिकलेल्या आणि गेलेल्या फिलिंगांत फरक कशाने पडला? नेदरलंड्समधल्या एका दवाखान्यात दाढांतली मोठी फिलिंग १२ वर्षं पाहिली गेली, त्याचा अहवाल ओपदाम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिला. ज्यांच्या तोंडात किडीचा धोका कमी होता त्यांच्यात कंपोझिट चांदीपेक्षाही जास्त टिकलं. ज्यांच्यात धोका जास्त होता त्यांच्यात ते लवकर गेलं, आणि गेलं ते कडेच्या किडीने. दवाखाना एक आणि माल तोच असताना निकाल फिरला तो तोंडाप्रमाणे. इथे मसाल्यावरच्या आरोपातली हवा निघून जाते.

मग आपली तोंडं कशी आहेत? सकाळी सहाला साखरेचा चहा आणि बिस्किट. नऊला बेडई-जलेबी किंवा पोहे, त्यावर पुन्हा चहा. अकराला ऑफिसात चहा, दुपारी जेवणानंतर गोड सुपारी, चारला चहा आणि खारी, संध्याकाळी कुणाकडे गेलं की पुन्हा चहा. थंडीत तर ग्वाल्हेर-मुरैन्याची गजक घराघरांत डब्यात असते आणि येता-जाता एकेक तुकडा तोंडात जातो. तीळ आणि गुळाचा चुरा दाढांच्या खाचांत, फिलिंगच्या कडेवर जाऊन बसतो आणि तासभर तिथून हलत नाही. स्टीफनचा तो अर्धा-एक तास यातल्या प्रत्येक खेपेला नव्याने सुरू होतो. दिवसभरात लाळेला दात सावरायला उसंतच मिळत नाही.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्लं, याला महत्त्व आहे, हे स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात दिसलं. मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीशिवाय गोड खाऊ घालून केलेला तो प्रयोग माणुसकीला काळिमा होता आणि त्याचा उल्लेख करताना हे सांगितलंच पाहिजे. पण जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांत कीड फारशी वाढली नाही आणि जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांत ती प्रचंड वाढली, हा त्याचा निष्कर्ष आजवर कुणी खोटा ठरवलेला नाही. मी गजक सोडा म्हणत नाही. संक्रांतीची गजक, तिळगूळ जेवणाच्या ताटात घ्या. चहा साखरेचा हवा तर दिवसातून दोनदा घ्या, उरलेले फिके घ्या.

सुपारी आणि गुटख्याबद्दल जरा कडक बोलायला हवं. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ ला गुटख्यावर बंदी घातली. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकायला लागले आणि लोक ते तळहातावर एकत्र करून खाऊ लागले. कॅन्सरची भीती सगळ्यांना माहीत आहे. दातांशी असलेलं नातं मात्र कुणी सांगत नाही. सुपारीने गालाची आतली कातडी ताठर होत जाते, तोंड दोन बोटंही उघडेनासं होतं. अशा तोंडात मागच्या दाढांपर्यंत ब्रश जात नाही आणि डॉक्टरचं हत्यारही जात नाही. तिथे भरलेलं फिलिंग कुणी किती जीव ओतून भरलं तरी त्याच्या कडा साफ राहणार कशा? गाल-जिभेच्या कॅन्सरसाठी किरणोपचार झालेल्यांची लाळ आटते आणि काही महिन्यांत दातांच्या मानेभोवती, प्रत्येक फिलिंगच्या आणि कॅपच्या कडेने दात कुजत जातात. काही ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. ‘गेल्या वर्षी भरलेले तिन्ही मसाले गेले’ म्हणून चिडून येणाऱ्या साठीच्या मावशींना मी आधी गोळ्यांची पिशवी उघडायला सांगते.

फ्लोराइडच्या पेस्टबद्दलचा गैरसमज ग्वाल्हेरला विशेष पसरला आहे, कारण शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात विहिरी-हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या काही गावांतल्या मुलांचे पिवळे-तपकिरी दात आणि वाकलेली हाडं सगळ्यांनी पाहिलेली असतात. म्हणून घरात मंजन आणतात, ‘फ्लोराइड विष आहे’ म्हणतात. शिवपुरीतलं नुकसान होतं ते वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या फ्लोराइडने, आणि दातांवर डाग पडतात ते दात हिरडीत तयार होत असतानाच्या वयात. उगवून आलेल्या दातावर पेस्टमधून लागलेलं फ्लोराइड वरून काम करतं. आम्लाने झिजलेल्या इनॅमलमध्ये खनिज परत बसवायला मदत करतं. भारतात टूथपेस्टमध्ये ते १००० पीपीएमपेक्षा जास्त घालता येत नाही. मोठ्या माणसाने अशी पेस्ट दिवसातून दोनदा वापरावी, थुंकावी, आणि त्यावर चूळ भरू नये. ज्याच्या तोंडात चार फिलिंग आहेत त्याने फ्लोराइड नसलेलं मंजन वापरणं म्हणजे चारही फिलिंगच्या कडा उघड्यावर सोडणं.

आता माझ्या व्यवसायबंधूंना. रुग्णाच्या तोंडाला दोष दिला म्हणून आपली सुटका होत नाही. लाळ आणि रक्त येत असताना हिरडीखाली कंपोझिट लावणं, रबराचा पडदा न लावता काम उरकणं, दोन दातांच्या मध्ये पट्टी आणि लाकडी पाचर नीट न बसवल्याने राहिलेला बाहेर आलेला काठ, जेवण अडकेल अशी दोन दातांतली सैल फट, दिव्याचा प्रकाश कमी झालाय की नाही हे वर्षानुवर्षं न तपासणं, ही आपल्या हातची पापं आहेत. यातल्या प्रत्येकाने घाणीचा थर साचायला जागा मिळते आणि रोगाला आडोसा मिळतो. त्याचा जाब रुग्णाने विचारलाच पाहिजे.

पण याहून मोठं पाप आपण करतो ते एक्स-रेवरची सावली किंवा कडेचा डाग पाहून ‘आत कीड आहे’ असं छातीठोकपणे सांगण्याचं. काही बाँडिंग आणि अस्तरं एक्स-रेत काळी दिसतात. चांदीच्या शेजारी डोळ्याला खोटी काळी पट्टीही भासते. ती सावली पुढच्या एक्स-रेत वाढली का, हे पाहिल्याशिवाय ड्रिल उचलायचं कारण नाही. प्रत्येक वेळी फिलिंग काढताना दाताचा निरोगी भाग थोडा जातो आणि भोक मोठं होतं. रिचर्ड एल्डर्टन या ब्रिटिश दंतवैद्याने १९८० च्या दशकात या चक्राबद्दल सावध केलं होतं: लहान फिलिंग, मोठं फिलिंग, मग रूट कॅनाल, कॅप, आणि शेवटी दात काढणं. कॅपची कडही दातावरच बसते आणि हिरडीलगत तिथेही तीच कीड लागते. कड बिघडली असेल तर तेवढाच भाग घासून गुळगुळीत करता येतो किंवा तेवढीच दुरुस्ती करता येते. अशा दुरुस्तीचे पैसे कमी मिळतात, म्हणून ती कमी सुचवली जाते. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहिते आहे, आणि यावर कुणी रागावलं तरी लिहिणार आहे.

जयारोग्य रुग्णालयाच्या दंतविभागात आणि शहरातल्या दंत महाविद्यालयांत रुग्णाच्या केसपेपरवर ‘फिलिंग निकामी’ असा शेरा मारून मोकळं होण्याऐवजी त्याचा चहा-गोडाच्या खेपांचा दिनक्रम, सुपारी-तंबाखू, लाळ, औषधं आणि पेस्ट यांची नोंद व्हायला हवी. विद्यार्थ्याला मिळणारे गुण भरलेल्या फिलिंगांच्या संख्येवर असतील तर तो बाहेर पडून फिलिंगच भरत राहणार. वर्षभरात या रुग्णाला नवी कीड लागली की नाही, यावर गुण द्या.

आणि वाचकहो, तुम्ही एवढं करा. फिलिंग बदलायला सांगितलं की घाई करू नका. जुना एक्स-रे असेल तर तो मागून नव्याशेजारी ठेवा. दात आत मऊ झाला आहे का, नुसती दुरुस्ती होईल का, आणि माझ्या तोंडात कीड मुळात का लागते, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देणार नाही त्या डॉक्टरकडून नवा मसाला भरून घेऊ नका.